क्राफ्ट फेअरमध्ये स्टॉल लावताय? आधी हे गणित समजून घ्या

दिवाळीच्या आधीपासून फेब्रुवारीपर्यंत मुंबई, पुणे, नाशिकमध्ये जवळपास प्रत्येक वीकेंडला कुठे ना कुठे क्राफ्ट फेअर असतं. हाताने रंगवलेल्या फ्रेम्स, मातीचे दागिने, क्रोशाच्या वस्तू घेऊन अनेक जण पहिल्यांदाच स्टॉल लावतात. दोन दिवस गर्दी होते, कौतुक होतं, विक्रीही होते. तरीही घरी आल्यावर हातात फारसं काही उरत नाही. असं का होतं?

खर्च किती येतो?

सर्वात मोठा खर्च स्टॉलच्या भाड्याचा. समजा, दोन दिवसांचं भाडं ६,००० रुपये आणि प्रवास, जेवण, पॅकिंगचे १,५०० रुपये आहेत. म्हणजे एकही वस्तू विकण्याआधी ७,५०० रुपये खर्च झाले.

आता एक छोटी फ्रेम ४०० रुपयांना विकली आणि तिच्या साहित्याला १०० रुपये लागले, तर ३०० रुपये उरतात. या हिशेबाने २५ फ्रेम्स विकल्यावर फक्त खर्च निघतो. एका फ्रेमला दोन तास लागत असतील, तर ५० तासांचं काम फुकट गेलं.

किंमत कशी ठरवायची?

बहुतेक नवे कलाकार साहित्याचा खर्च धरतात, स्वतःची मजुरी धरत नाहीत. तासाला १०० रुपये मजुरी धरली, तर वरच्या फ्रेममागे १०० रुपयेच उरतात आणि खर्च भरून काढायला ७५ फ्रेम्स विकाव्या लागतात. तीच फ्रेम ६०० रुपयांना विकली, तर मजुरी धरूनही २५ फ्रेम्समध्ये खर्च निघतो.

६०० रुपये देणारं गिऱ्हाईक त्या फेअरला येतं का, हे स्टॉल बुक करण्याआधी एकदा तिथे फिरून पाहावं. येत नसेल, तर कमी भाड्याचं ठिकाण शोधणं किंवा आयोजकांची परवानगी असेल तर मैत्रिणीसोबत अर्धा स्टॉल घेणं बरं.

स्टॉलवर काय ठेवायचं?

तीन प्रकारच्या किमती ठेवल्या तर सोपं जातं. बुकमार्क, मॅग्नेटसारख्या ५० ते १०० रुपयांच्या वस्तू, मधल्या किमतीच्या फ्रेम्स आणि लक्ष वेधून घेणारं एखादं मोठं चित्र. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असावी. किंमत विचारायला संकोच वाटला की अनेक जण तसेच पुढे जातात.

‘थोडं कमी करा ना’ हे ऐकावं लागणारच. एका वस्तूची किंमत पाडण्यापेक्षा ‘दोन घेतल्या तर ५० रुपये कमी’ असं सांगता येतं. यूपीआयचा क्यूआर कोड हवाच, पण गर्दीत नेटवर्क जातं, म्हणून सुटे पैसेही जवळ ठेवावेत.

जीएसटी लागतो का?

महाराष्ट्रातच वस्तू विकणाऱ्यांना साधारणपणे वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर गेल्यावर नोंदणी करावी लागते. पुण्याचा कलाकार गोव्यातल्या फेअरला गेला, तर नियम बदलतो. दुसऱ्या राज्यात तात्पुरती विक्री करणाऱ्याला एरवी आधीच नोंदणी करावी लागते. मात्र सरकारच्या यादीतल्या हस्तकला वस्तूंना २० लाखांच्या उलाढालीपर्यंत यातून सूट आहे. त्यासाठी पॅन आणि ई-वे बिल लागतं. आपली वस्तू त्या यादीत आहे का, हे निघण्याआधी तपासावं.

कॉपीराइटचं काय?

स्वतः काढलेल्या चित्राचा कॉपीराइट ते तयार होताच कलाकाराकडे येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण प्रसिद्ध कार्टून किंवा सिनेमातली पात्रं काढून परवानगीशिवाय विकली, तर कायदेशीर नोटीस येऊ शकते.

फेअर संपल्यावर काय करायचं?

कोणती वस्तू किती विकली, हे त्याच रात्री लिहून ठेवावं. भाडं, साहित्य आणि मजुरी वजा केल्यावर काय उरलं, यावरूनच पुढच्या वेळी तिथे स्टॉल लावायचा की नाही, हे ठरवता येतं.