मोरोन टेकडीचा वर्तुळाकार मार्ग

स्कॉटलंडमधील ब्रेमार गावालगतच्या मोरोन (उंची ८५९ मी.) या टेकडीवरील पायी मार्ग. गावातून निघून भूर्ज व ज्युनिपरच्या संरक्षित रानातून माथा गाठायचा आणि पलीकडे ग्लेन क्लूनी खोऱ्यात उतरून नदीकाठच्या रस्त्याने परतायचे, असा त्याचा क्रम आहे. ९१४ मी.हून उंच ‘मन्रो’ शिखरांपुढे ही टेकडी गौण वाटते. माथ्यावरील मनोरा आणि शेवटचा डांबरी रस्ता यांवरही आक्षेप घेता येतो. परंतु डोंगरवाटेचे मोल केवळ उंचीवर ठरत नाही. भूर्जवन, त्यावर हेदरची झुडपे, माथ्याशी उघडे दगड आणि अखेरीस नदीखोरे, असे उंचीनुसार पालटणारे भूरूप येथे एकाच फेरीत समजते. आल्या वाटेने परतल्यास खोरे हुकते. म्हणून डांबर पत्करूनही फेरी पूर्ण करणेच श्रेयस्कर.