हाताने दिलेला श्वास

मे २०२१. भाचीचा फोन आला. ती एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होती. सौम्य रुग्णांवर देखरेखीसाठी अशा मुलांना घ्यायला सरकारने नुकतीच परवानगी दिली होती. "मावशी, मला काहीच येत नाही गं. माझ्यासमोर कोणी गेलं तर?" मी "होईल सगळं नीट" असं काहीतरी पुटपुटले. माझं मलाच पटलं नाही.

पुढे कोपनहेगनबद्दल वाचलं. साल १९५२. पोलिओची साथ. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास देणारी यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने उपाय सुचवला. गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबत राहायचं. दाबणार कोण? वैद्यकीय विद्यार्थी! सुमारे दीड हजार जण, पाळ्या लावून, रात्रंदिवस.

रुग्णांत लहान मुलं पुष्कळ, आणि बरीचशी शुद्धीवर. विद्यार्थी एका हाताने पिशवी दाबत त्यांना गोष्टी वाचून दाखवत. काही मुलं त्यांच्या हातातच गेली. तरी आधी असे दहातले आठ-नऊ रुग्ण दगावत, ते प्रमाण काही महिन्यांत निम्म्याच्या खाली आलं.

भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे त्यांनाही काही येत नव्हतं?"

नव्हतंच. पिशवी दाबता येत होती, आणि आपली पाळी संपली की दुसरं कोणीतरी येणार हे माहीत होतं. फोनवर मी तिला एवढंच सांगायला हवं होतं..