पात्याची झिलई

चाकू, सुरी, तलवार इत्यादींच्या पोलादी पात्यावरील ओरखडे क्रमाने सूक्ष्म करत पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत करण्याची अंतिम प्रक्रिया.

भारतात शस्त्रांना धार व उजाळा देण्याचे काम परंपरेने शिकलगारांचे. तलवारींचा वापर संपल्यावर ते सुऱ्या-कात्र्यांच्या धारेकडे वळले (पहा : शिकलगार).

यांत्रिक पद्धतीत पाते अधिकाधिक बारीक कणांच्या पट्ट्यांवर घासतात. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलली, की आधीचे ओरखडे उरले असल्यास लगेच दिसतात. एखादा खोल ओरखडा राहिला, तर झिलईनंतर तो अधिकच उठून दिसतो. शेवटी बुचाचा पट्टा वापरतात. भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातील बूच ओकाच्या सालीचे दाणे कापडी पट्ट्यावर चिकटवून तो बनतो. त्यावर ॲल्युमिनियम किंवा क्रोमियम ऑक्साइडचा लेप देतात. बूच लवचीक असल्याने पात्याच्या बाकाशी जुळवून घेते. पाते फार तापल्यास पोलादाचे पाणी (कठिणपणा) उतरते, म्हणून पाते वारंवार पाण्यात बुडवतात (पहा : पोलाद).

झिलईमुळे ओलावा कमी साचतो व गंज उशिरा धरतो; तीक्ष्णता मात्र धारेवरच अवलंबून असते. उदा., बारामती व इंदापूर तालुक्यांत (जि. पुणे) माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणारे मजूर कोयते कानशीने धारदार ठेवतात. ऊस बुडख्याशी तोडताना मातीखड्यांनी पात्यावर चरे पडतात, त्यामुळे कोयत्याला आरशी झिलई देत नाहीत (पहा : कोयता, घिसाडी).