वैद्यकीय संशोधनसंस्थांतील पदव्युत्तर अध्ययन

वैद्यकीय महाविद्यालयाचा भाग नसलेल्या संशोधनसंस्थेत राहून विद्यापीठीय पदवीसाठी केलेले अध्ययन. महाविद्यालयात अध्यापन हे मुख्य कार्य असते व संशोधन त्याच्या अनुषंगाने चालते. संशोधनसंस्थेत हा क्रम उलट असतो. तेथील विद्यार्थ्याचा बहुतेक काळ प्रयोगशाळेत जातो आणि चालू संशोधनाचा एखादा भाग हाच त्याच्या प्रबंधाचा विषय होतो. अशा संस्थांना स्वतः पदवी देण्याचा अधिकार बहुधा नसतो. त्यासाठी विद्यापीठाची मान्यता घ्यावी लागते.

पॅरिस येथील पाश्चर संस्थेत एमील रू यांनी १८८९ मध्ये सूक्ष्मजंतुशास्त्राचा नियमित अभ्यासक्रम सुरू केला. न्यूयॉर्कची रॉकफेलर संस्था १९०१ मध्ये केवळ संशोधनासाठी स्थापन झाली. तिने १९५० नंतर पदवीसाठी विद्यार्थी घेण्यास आरंभ केला व १९६५ मध्ये विद्यापीठ हे नाव धारण केले.

महाराष्ट्रात अशा संस्थेचा उगम प्लेगच्या साथीतून झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवल्यावर पाश्चर संस्थेत काम केलेले व्ही. एम्. हाफकिन (१८६०–१९३०) यांना सरकारने पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या राजभवनात आली. रोगी उंदरांच्या पिसवांमार्फत प्लेग माणसापर्यंत पोहोचतो, हे सिद्ध करणारे ग्लेन लिस्टन व प्लेग संशोधन आयोग यांचे कार्यही मुख्यतः येथेच झाले.

पंजाबातील मुल्कोवाल येथे १९०२ मध्ये लस टोचलेल्या १९ व्यक्ती धनुर्वाताने दगावल्या व त्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. लस प्रयोगशाळेत नव्हे, तर टोचणीच्या जागी बाटली उघडताना दूषित झाली असावी, असे पुढे दिसून आले व १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. निर्जंतुक पद्धतीत मुरलेला माणूस नसेल, तर उत्तम लसही घातक ठरते, हा या घटनेचा धडा होय. मनुष्यबळाचे शिक्षण हे अशा संस्थेचे दुय्यम काम मानता येत नाही. १९२५ मध्ये या प्रयोगशाळेस हाफकिन संस्था हे नाव मिळाले व १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले.

मुंबई विद्यापीठाच्या शोधप्रबंधावर आधारित विज्ञान-पदव्यांमुळे प्रयोगशाळा एकीकडे व पदवी दुसरीकडे अशी व्यवस्था शक्य झाली. कमला भागवत (सोहोनी) यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करून १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम्. एस्‌सी. पदवी मिळविली. कमल समर्थ (रणदिवे, १९१७–२००१) यांनी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगविषयक संशोधन करून १९४९ मध्ये पीएच्. डी. मिळविली. त्या वैद्यकाच्या पदवीधर नव्हत्या. वैद्यकीय संशोधनाचे दार विज्ञानाच्या पदवीधराला उघडले, हे या व्यवस्थेचे सर्वांत मोठे फलित होय. पुढे परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात (स्थापना १९५२) रणदिवे यांनी ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. हाफकिन संस्थेसही एम्. एस्‌सी. व पीएच्. डी. यांसाठी मुंबई विद्यापीठाची मान्यता मिळाली. १९७५ मध्ये लसनिर्मितीचे काम वेगळ्या महामंडळाकडे गेले व संस्थेच्या नावात प्रशिक्षण, संशोधन आणि चाचणी ही तीन कार्ये नमूद झाली.

वैद्यकीय महाविद्यालय नसलेल्या जिल्ह्यांच्या दृष्टीने या दाराचे महत्त्व अधिक आहे. वऱ्हाडातील बुलढाणा जिल्हा हे त्याचे उदाहरण होय. तेथील महाविद्यालये १९८३ पर्यंत नागपूर व नंतर अमरावती विद्यापीठाशी संलग्न होती. वैद्यकाच्या शिक्षणासाठी विद्यार्थ्यास नागपूर (१९४७), २००२ पासून अकोला किंवा जिल्ह्याबाहेरील अन्य ठिकाणी जावे लागे. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. संशोधनाचे विषय मात्र जिल्ह्यात पूर्वीपासून आहेत. लोणार सरोवराच्या अल्कधर्मी पाण्यातील सूक्ष्मजीव हा त्यांपैकी एक; जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याचे कारण असलेले लवणप्रिय सूक्ष्मजीव पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ओळखले. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील काही गावांत अनेकांचे केस एकाएकी गळू लागले, त्या वेळीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके बाहेरून यावी लागली. दोन्ही प्रसंगी नमुने जिल्ह्यातील होते, तर तपासणारे हात व उपकरणे बाहेरची होती.

महाविद्यालय सुरू झाल्याने डॉक्टर तयार होण्याची सोय झाली. संशोधक तयार होण्यासाठी चालू संशोधन असलेली प्रयोगशाळा, मान्यताप्राप्त मार्गदर्शक व विद्यार्थ्यास पुरेशी शिष्यवृत्ती या तिन्हींची गरज असते. यांतील एकही उणे असल्यास पदवी मिळते, पण स्वतंत्रपणे प्रश्न सोडविण्याची क्षमता येत नाही, असे या संस्थांच्या इतिहासावरून म्हणता येते.