मोर्तब, तोतया आणि चौसष्ट अक्षरे

अस्सल, नक्कल, तालीक, रुजवात, मोर्तब, तोतया. खऱ्याखोट्याचा निवाडा करणारे हे शब्द आपल्याला जुन्या दफ्तरांनी आणि राजकारणाने दिले. 'डीपफेक' हा शब्द मात्र २०१७ च्या अखेरीस जन्मला. २०२३ च्या नोव्हेंबरात अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्याच स्त्रीच्या शरीरावर चढवलेला व्हिडिओ देशभर फिरला आणि तो शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. तेव्हापासून 'आता डोळ्यांवर विश्वास कसा ठेवायचा?' असा प्रश्न सगळे विचारू लागले आहेत.

गेली वीसेक वर्षे मी मोडी कागद वाचतो आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. मोडी शिकलो ती बाराखडीचे एक जुने पुस्तक आणि शेतजमिनीचे फेरफार शेजारी ठेवून. या कागदांच्या सहवासात एक गोष्ट पटत गेली. ज्यांनी ही दफ्तरे उभी केली, त्यांनी नुसत्या डोळ्यांवर विश्वास कधी ठेवलाच नव्हता. कागद खरा दिसतो म्हणून तो खरा, असे ते मानत नसत. तो कोणाच्या हातून निघाला, कोणाकोणाच्या नजरेखालून गेला आणि त्याची नोंद कुठे आहे, हे ते पाहत. आजच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना ही जुनी रीत समजून घेणे मला उपयोगाचे वाटते.

कागदाची मर्यादा

शिवकाळातले एखादे राजपत्र समोर घ्या. वरच्या भागात संस्कृत मुद्रा असते. मजकूर संपतो तिथे, शेवटच्या अक्षराला लागूनच, एक छोटा शिक्का असतो. हे मोर्तब. लेखनाची मर्यादा इथे संपली, असे तो शिक्काच सांगतो. त्याचे काम सोपे आणि महत्त्वाचे होते. मोर्तबाच्या पुढे कोणी एक ओळ जरी वाढवली, तरी ती उपरी ठरे. पत्र लांबलचक असले की कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवत. मधला तुकडा काढून दुसरा घालू नये म्हणून पाठीमागे सांध्यावरही शिक्का उमटवत. अर्धा एका तुकड्यावर, अर्धा दुसऱ्यावर.

याच्या जोडीला दफ्तरातल्या माणसांचे शेरे असत. पत्राचा मजकूर तपासण्याची जबाबदारी सुरनिसाची, म्हणजे सचिवाची. पत्र नोंदले गेल्याच्या खुणा कागदावर राहत. म्हणजे बनावट पत्र करणाऱ्याला नुसता शिक्का खोदून भागत नसे. लेखकाचे वळण, तपासणाऱ्याची खूण, तारखेची पद्धत हे सगळे जुळवावे लागे, आणि एवढे करूनही दफ्तरातली नोंद त्याच्या हाती नसे.

इनामाच्या सनदांमध्ये शेवटी एक ठरीव सूचना आढळते. अधिकाऱ्याने सनदेची तालीक, म्हणजे नक्कल, उतरवून घ्यावी आणि अस्सल कागद इनामदाराला भोगवट्यासाठी परत द्यावा. एकच गोष्ट दोन ठिकाणी, दोन वेगळ्या हितसंबंधांच्या माणसांपाशी राहिली. उद्या वाद झाला, तर एकाची दुसऱ्याशी रुजवात घालता येई.

गावपातळीवरच्या महजरात तर शिक्क्याची जागा माणसेच घेत. वतनाच्या तंट्याचा निवाडा गोताच्या सभेत होई आणि कागदावर हजर असलेल्यांच्या निशाण्या येत. पाटलाच्या नावाशी नांगर, न्हाव्याच्या नावाशी आरसा, सुताराच्या नावाशी त्याचे हत्यार. ज्यांना अक्षर येत नव्हते तेही साक्षीदार होते, आणि पुढच्या पिढीला 'आमच्या बापाची निशाणी आहे' म्हणून सांगायला त्यांची मुले त्याच गावात राहत.

ध चा मा आणि तोतया

ही व्यवस्था अभेद्य नव्हती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांच्या हुकुमात 'धरावे' होते, त्याचे 'मारावे' झाले, आणि रामशास्त्र्यांनी चौकशीत तो कागद मिळवून हा फेरफार ओळखला, अशी हकीगत ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. हा बदल आनंदीबाईंनी केला, असे लोक मानत आले. एका अक्षराच्या या फेरफाराने भाषेला कायमचा वाक्प्रचार दिला. त्या हकिगतीतली एक गोष्ट मला विशेष वाटते. फेरफार सापडला, कारण मूळ कागद चौकशी करणाऱ्याच्या हाती आला. खाडाखोडीला कागदावर जागा लागते, आणि ती मागे राहते.

माणसाचीच नक्कल झाली तेव्हा काय घडले, हे त्याहून बोधप्रद आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनात संशय राहिला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर पतीचा मृत्यू शेवटपर्यंत मान्य केला नाही. काही वर्षांतच बुंदेलखंडाकडचा सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून पुढे आला. त्याला पकडले, चौकशी झाली, तो खोटा ठरला आणि किल्ल्यांवर कैदेत पडला. प्रकरण इथे संपायला हवे होते. पण १७७६ मध्ये रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजपे या अधिकाऱ्याने त्याला मोकळे केले आणि बघता बघता कोकणातला बराच मुलूख व किल्ले त्याच्या बाजूला गेले. फौजा पाठवून त्याचा मोड करावा लागला. समुद्रमार्गे पळताना तो राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात पुन्हा पंचांपुढे चौकशी झाली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याला देहान्ताची शिक्षा झाली.

म्हणजे एकदा खोटा ठरलेला माणूस दहा-बारा वर्षांनी पुन्हा खरा झाला. त्याचा चेहरा भाऊंशी किती जुळत होता, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पानिपताचे दुःख सोसणाऱ्या समाजाला भाऊ परत यायला हवे होते. शिवाय बारभाईंच्या कारभारावर रुष्ट असलेल्यांना असा एक भाऊ सोयीचा होता. तोतयाचे बळ त्याच्या हुबेहूबपणापेक्षा पाहणाऱ्यांच्या इच्छेत जास्त होते. मोबाइलवर आलेली चित्रफीत पुढे ढकलताना आपणही अनेकदा हेच करतो. ती खरी असावी असे आपल्याला वाटत असते.

जालन्याचा खटला

छायाचित्रण आले तेव्हा वाटले, आता साक्ष प्रकाशच देईल. ती समजूत फार टिकली नाही. १८३९ मध्ये डागेरोटाइपची घोषणा झाली आणि १८४० मध्येच फ्रान्सच्या इपोलित बायार याने स्वतःला बुडून मेलेला दाखवणारे छायाचित्र तयार केले. तरीही फिल्मची निगेटिव्ह ही एक अस्सल प्रत मागे राहत होती. डिजिटल फाइलला तशी अस्सल प्रत नाही. मूळ आणि नक्कल बिटागणिक सारख्याच असतात आणि खाडाखोडीची जागा डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या न्यायालयांपुढे हा प्रश्न आला तो मराठवाड्यातल्या एका निवडणुकीतून. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिले. २७ सप्टेंबरला दुपारी ३ पर्यंत अर्ज भरण्याची मुदत होती आणि विजयी उमेदवाराचा अर्ज त्यानंतर दाखल झाला, असे त्यांचे म्हणणे होते. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण हा त्यातला कळीचा पुरावा होता. न्यायालयात आल्या त्या मात्र त्याच्या सीडी. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे अशा नकलेसोबत जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र लागते. ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळाले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची साक्ष व अन्य पुरावा पाहून २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली.

१४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे नियम स्पष्ट केला. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर प्रमाणपत्र नको. नक्कल आणायची, तर प्रमाणपत्र हवेच. संबंधित अधिकारी ते देत नसेल, तर न्यायालयाकडून आदेश मिळवावा. दोनशे वर्षांपूर्वीच्या दफ्तरदाराला हे ऐकून नवल वाटले नसते. अस्सल आणा, नाहीतर तालीक कोणी केली ते सांगा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने आणखी एक पाऊल टाकले. प्रमाणपत्राचा नमुना दोन भागांचा झाला. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि त्यात फाइलचे 'हॅश' मूल्य लिहायचे.

चौसष्ट अक्षरे

हॅश म्हणजे फाइलवर गणिती क्रिया करून काढलेली खूण. एसएचए-२५६ या पद्धतीत कितीही मोठी फाइल घातली, तरी अंक आणि अक्षरे मिळून चौसष्ट खुणांची एकच ओळ निघते. तासाभराच्या चित्रफितीत एक बिंदू बदला, ओळ पार बदलून जाते. मोर्तबाचे काम हेच होते. इथे मर्यादा संपली, यापुढचा फेरफार उघडा पडेल.

शिक्केही मात्र जुने होतात. एमडी-५ या पद्धतीत दोन वेगळ्या फायलींची एकच खूण निघू शकते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. एसएचए-१ बाबत तेच २०१७ मध्ये झाले. नव्या कायद्याच्या नमुन्यात ही दोन्ही नावे अजून आहेत. प्रमाणपत्र भरणाऱ्याने एसएचए-२५६ निवडावे, एवढे शहाणपण आपण बाळगायला हवे.

हॅशची मोठी मर्यादा वेगळीच आहे. शिक्का मारल्यानंतर काही बदलले नाही, एवढेच ती सांगते. शिक्का मारला तेव्हा मजकूर खरा होता का, हे सांगत नाही. एआयने बनवलेल्या चित्रफितीचीही चौसष्ट अक्षरे निघतातच. त्यासाठी उगमापासूनची नोंद हवी. अडोबी, आर्म, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि ट्रूपिक यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये स्थापन केलेल्या 'सी-टू-पी-ए' या गटाचा प्रयत्न तोच आहे. कॅमेऱ्यानेच छायाचित्रावर डिजिटल सही करायची आणि पुढचा प्रत्येक बदल सहीनिशी सोबत नोंदवायचा. लायकाचा एम-११-पी हा अशी सोय असलेला पहिला कॅमेरा २०२३ मध्ये बाजारात आला. २०२५ मध्ये निकॉनच्या एका कॅमेऱ्यात सहीची ही सोय चुकवता येते असे दिसले, तेव्हा कंपनीला सेवा थांबवून प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. शिवाय समाजमाध्यमांवर चित्र चढवताना सोबतची नोंद बरेचदा गळून पडते, आणि स्क्रीनशॉट काढला की ती उरतच नाही.

यात आणखी एक धोका आहे. रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रॉन या अमेरिकी कायदेपंडितांनी २०१९ मध्ये त्याला 'खोटारड्याचा लाभांश' अशा अर्थाचे नाव दिले. सगळेच खोटे असू शकते असे ठरले, की खऱ्या चित्रफितीत सापडलेला माणूसही 'ही एआयची करामत' म्हणून सुटतो. ज्या दुबळ्या माणसाकडे अन्यायाचा पुरावा म्हणून फक्त मोबाइलमधले चित्रण असते, त्याचे यात सर्वांत जास्त नुकसान आहे. तोतयाला भाऊ मानण्याइतकेच खऱ्या भाऊला तोतया ठरवणेही घातक आहे.

घरातली दफ्तरे

माझ्या क्षेत्रात हा प्रश्न आत्ताच दारात आला आहे. जुन्या घरांतले कागद आता मोबाइलवर फोटो होऊन येतात. अलीकडे काही जण ते पाठवण्यापूर्वी एआयच्या साधनांतून 'स्वच्छ' करतात. ते साधन वाळवीने खाल्लेल्या जागी, त्याला योग्य वाटतील तसे फराटे भरते. मोडीत एका फराट्याने नाव बदलते, आकडा बदलतो. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ध चा मा होतो, आणि तोही कोणी न करता. मूळ कागद पुढे गहाळ झाला, तर तो भरलेला फराटाच इतिहास ठरेल.

म्हणून ज्यांच्या घरी जुने कागद, छायाचित्रे, आजोबांच्या आवाजाच्या कॅसेट आहेत, त्यांना माझे सांगणे थोडके आहे. मूळ वस्तू टाकू नका. फोटो किंवा ध्वनिमुद्रण केले की पहिली फाइल हात न लावता वेगळी ठेवा. सुधारणा करायची ती प्रतीवर करा आणि नावात तसे लिहा. कोणी, कधी, कुठे, कशावरून घेतले, याचे चार ओळींचे टिपण जोडा. फाइलची चौसष्ट अक्षरे काढून वहीत उतरवा. त्यासाठी लागणारी आज्ञावली संगणकात फुकट असते. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे आणि एक एखाद्या संस्थेत द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती फाइल दाबली जाणार नाही.

यात नवे असे काहीच नाही. मोर्तब, तालीक, साक्षीदार आणि दोन ठिकाणची नोंद, एवढेच आहे. यंत्र शिक्का मारून देईल. पण महजरावरच्या त्या नांगरामागे एक पाटील उभा होता, विचारले तर उत्तर द्यायला बांधलेला. फाइलमागेही असे माणूस उभे राहिले, तरच त्या चौसष्ट अक्षरांना अर्थ आहे.