शेजारच्या रकान्यातलं इंग्रजी

उम्म अल हस्सम म्हणजे मनामा शहराचा आग्नेय कोपरा. इथून पुढं समुद्रावरचा रस्ता ओलांडला की सित्रा. इथल्या एखाद्या बिल्डिंगमध्ये राहून तुम्ही दहावी-बारावीची तयारी करत असाल, तर तुमच्या इंग्रजीच्या सरावाचा साचा ठरलेला असणार. एक उतारा, त्याखालचे प्रश्न, एक औपचारिक पत्र, शब्दमर्यादेत एखादा लेख आणि मग मागच्या वर्षांचे पेपर. शाळेत इंग्रजी, मित्रांशी इंग्रजी-हिंदीची मिसळ, दुकानात दोन-चार शब्द अरबी. मराठी उरते घरात, आणि तीही बहुतेक बोलण्यापुरती. ‘मराठी काय, होईल नंतर. आधी इंग्रजी पक्कं कर,’ हे वाक्य तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलेलंच असेल.

या सल्ल्याचा इतिहास जरा तपासून बघू. मराठी मुलुखात ज्यांनी पहिल्यांदा इंग्रजी लिहाय-वाचायला शिकून घेतलं, त्यांनी मराठी कपाटात ठेवून ते केलं नव्हतं. त्यांच्या सरावाचं मुख्य अवजारच मराठी होतं. ते अवजार पुढं काढून घेतलं गेलं, तेव्हा काय बिघडलं याची तक्रारही त्यांच्यातल्याच एकानं आयुष्यभर केली.

तुम्ही म्हणाल, बहरीनमध्ये बसून मुंबईची गोष्ट कशाला? कारण बहरीनमधलं इंग्रजी बऱ्याच अंशी हिंदुस्थानच्या वाटेनं आलं. १८८४ मध्ये इथं टपाल कचेरी उघडली ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल खात्याची. पत्रांवर भारतीय तिकिटं लागत, आणि १९३३ पासून त्यांच्यावर बहरीनचं नाव छापलं जाऊ लागलं. व्यवहारात रुपया चाले. बहरीनचा स्वतःचा दिनार आला १९६५ मध्ये. १९३२ मध्ये इथं तेल लागलं आणि हिशेब, पत्रव्यवहार, नोंदी ठेवायला इंग्रजी येणारे कारकून हवे झाले. त्यातले कितीतरी भारतातून आले. त्यांच्या मुलाबाळांसाठी १९५० मध्ये इंडियन स्कूल सुरू झालं. म्हणजे इंग्रजी येणं हा भारतीय माणसाचा इथला परवाना होता, आणि तो परवाना मिळवण्याची तालीम शंभर वर्षं आधी मुंबई-पुण्यात सुरू झाली होती.

ती तालीम कशी होती? सुरुवात करू ६ जानेवारी १८३२ पासून. त्या दिवशी मुंबईत ‘दर्पण’ निघालं. संपादक बाळशास्त्री जांभेकर, सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे, वयानं जेमतेम विशीचे. शाळेत आपण हे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र म्हणून शिकतो. पण त्याचं पान डोळ्यांसमोर आणा. एका रकान्यात इंग्रजी, शेजारच्या रकान्यात मराठी. आपल्या लोकांमध्ये इंग्रजी विद्येचा अभ्यास वाढावा, हा जांभेकरांचा उघड हेतू होता. थोडंबहुत इंग्रजी येणाऱ्या मुलाला हे पान म्हणजे चालता-बोलता क्लासच. डावीकडं अडलं तर उजवीकडं बघ, पुन्हा डावीकडं ये. उतारा आणि त्याचा उलगडा एकाच कागदावर.

शब्दकोशही त्याच सुमाराला उभे राहत होते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण लिहिलं. म्हणजे इंग्रजी शिकायला निघालेली माणसं त्याच वाटेवर मराठीलाही घासूनपुसून घेत होती. आज तुम्ही मराठीत मेसेज लिहिताना जो स्वल्पविराम देता, तोही याच काळातला पाहुणा. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर कँडीला दिलं जातं. पाहुणा इतका घरचा झाला, की तो परका होता हे आता सांगावं लागतं.

पुढं शाळा वाढल्या तशी सरावाची पुस्तकं आली. त्यातलं सगळ्यांत दीर्घायुषी म्हणजे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’. तुमच्या आजोबांना विचारा, नाव ऐकूनच त्यांना शाळा आठवेल. पद्धत साधी होती. एक नियम, काही शब्द, मग इंग्रजी वाक्यांचं मराठी करायचं आणि लगेच मराठी वाक्यांचं इंग्रजी. दुसरा भाग खरा घाम काढणारा. इंग्रजी वाचून ‘कळलं’ म्हणणं सोपं असतं. समोर मराठी वाक्य आहे, क्रियापद शेवटी बसलंय, कर्त्याला ‘ने’ लागलाय, आणि हे सगळं इंग्रजीत वेगळ्या क्रमानं बसवायचंय, तेव्हाच आपल्याला नक्की काय येत नाही ते दिसतं.

या पाठमालेच्या एका विद्यार्थ्याचं नाव तुम्हाला माहीत आहे. भीमराव रामजी आंबेडकर. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. तर्खडकरांची तिन्ही पुस्तकं त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली आणि मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द शोधायची सवय लावली, हे पुढं बाबासाहेबांनीच सांगितलं आहे. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत घरदार राहत होतं. मुलगा लवकर झोपे, वडील जागत बसत, आणि रात्री दोनच्या सुमाराला त्याला उठवून मग स्वतः आडवे होत. १९०७ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. याच मुलाला शाळेत संस्कृत शिकू दिलं नव्हतं, त्याला फारसी घ्यावी लागली. जातीनं एक भाषा नाकारली तिथं दुसरी भाषा वडिलांनी रात्री जागून मुलाच्या हातात दिली. त्याच इंग्रजीत पुढं कोलंबियाचा आणि लंडनचा प्रबंध लिहिला गेला. आणि ३१ जानेवारी १९२० ला आपल्या माणसांशी बोलायची वेळ आली तेव्हा निघालेलं ‘मूकनायक’ मराठीत होतं. पाठमालेतली वाट दोन्ही दिशांनी चालत होती, ती अशी.

वाचन झालं, वाक्य झालं. लिहिण्याचं काय? इथं आनंदीबाई जोशींकडं यायला हवं. जन्म १८६५, कल्याणच्या. नवरा गोपाळराव टपाल खात्यात कारकून. त्यांनी तिला शिकवायचा ध्यास घेतला होता, आणि त्या ध्यासात मारझोडही होती. पुढं अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्यांना ते स्पष्ट सुनावलं. ही बाजू गाळून त्यांची गोष्ट सांगायला नको.

गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्याला मदतीसाठी लिहिलेलं पत्र तिकडं एका मासिकात छापलं गेलं. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंच्या नजरेला ते पडलं आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या, म्हणजे तुमच्याच वयाच्या. तिथून पत्रांची ये-जा सुरू झाली. आपल्याकडचे सण, लग्नाच्या चाली, घरातल्या रीती हे सगळं न पाहिलेल्या बाईला समजेल असं इंग्रजीत लिहायचं होतं. परीक्षेच्या पेपरातल्या पत्राला उत्तर येत नाही. या पत्रांना येत होतं. एखादी गोष्ट नीट सांगितली नाही तर पुढच्या बोटीनं प्रश्न येणार, हे ठाऊक असलेली मुलगी लिहायला फार लवकर शिकते. २४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात, आपण अमेरिकेला का चाललो आहोत हे त्यांनी इंग्रजीत भाषण करून सांगितलं. वय सतरा. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. वीस-एकवीस वर्षांच्या आयुष्यात त्या पत्रांनी किती काम केलं बघा.

आणि बोलण्याचा सराव? त्याचंही उदाहरण मुंबईतच आहे, फक्त विद्यार्थी बंगाली आहे. १८७८ मध्ये विलायतेला निघालेला सतरा वर्षांचा रवींद्रनाथ ठाकूर इंग्रजी बोलण्याची आणि तिकडच्या रीतिरिवाजांची सवय व्हावी म्हणून डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या घरी राहिला. हे दादोबांचे धाकटे भाऊ. शिकवण्याचं काम होतं त्यांच्या मुलीकडं, अन्नाकडं, जी स्वतः इंग्लंड पाहून आली होती. एकोणिसाव्या शतकात एक मराठी मुलगी भावी नोबेलविजेत्याची इंग्रजीची तालीम घेतेय, हे चित्र आपण पुरेसं सांगत नाही.

आता बिघाडाची बाजू. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पहिली मॅट्रिक १८५९ ची. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६० च्या दशकात विद्यापीठानं पदवीच्या अभ्यासातून देशी भाषा काढून टाकल्या. शेजारचा रकाना कोरा झाला. रानड्यांचं इंग्रजी उत्तम, वाचनापायी त्यांचे डोळे अधू झालेले. तरी याविरुद्ध तेच वर्षानुवर्षं भांडत राहिले. पदवीधर इंग्रजीत जे शिकतो ते मराठीत आणत नसेल, तर त्याचं शिक्षण त्याच्यापाशीच संपतं, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या आयुष्याच्या अगदी शेवटी एम.ए.च्या परीक्षेत मराठीला पुन्हा जागा मिळाली. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं, तेही इंग्रजीत. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामाचा आणि शिक्षणाचा फायदा मात्र वरच्या वर्गांना, ही त्यांची तक्रार होती. दोघांची वाट वेगळी, पण प्रश्न एकच: हे इंग्रजी शेवटी कुणाच्या कामी येणार?

जुन्या पद्धतीचं कौतुक करताना तिचे दोषही दिसायला हवेत. पाठांतरावर भर होता, छडी होती, आणि मुली व दलित मुलं बहुतेक दाराबाहेर होती. भाषांतरानं शिकलेले कित्येक जण छान लिहायचे आणि बोलताना अडखळायचे. हा प्रश्न फक्त आपला नाही. चीनच्या गाओकाओ परीक्षेत साधारण ७५० पैकी १५० गुण इंग्रजीचे असतात, आणि उतारे बिनचूक सोडवणारी मुलं तोंड उघडायला बिचकतात. ती भीड मोडायला ली यांग नावाच्या शिक्षकानं मैदानांत हजारो मुलांकडून इंग्रजी वाक्यं ओरडून घेतली, आणि त्यालाही गर्दी झाली. सराव कशाचाही करता येतो. ज्याचा केला, तेवढंच मात्र येतं.

तुमची स्थिती जांभेकरांच्या वाचकापेक्षा उलटी आहे. त्याला मराठी रकाना सोपा होता, इंग्रजी अवघड. तुम्हाला इंग्रजी रकाना घडाघडा वाचता येतो आणि मराठी रकान्यावर जोडाक्षरं लावत जावं लागतं. पण पान तेच आहे. दोन रकाने शेजारी असले की दोन्ही भाषांना एकमेकींची चूक पकडता येते, आणि याचा फायदा इंग्रजीलाही होतो. परीक्षेतला लेख लिहिताना आपण तयार वाक्यं चिकटवतो. तीच गोष्ट मराठीत सांगायला घेतली की तयार वाक्यं हाताशी नसतात. मग आपल्याला नक्की काय म्हणायचंय ते ठरवावंच लागतं.

म्हणून एक प्रयोग सुचवतो, पंधरा मिनिटांचा. इंग्रजी बातमीतला एक परिच्छेद घ्या, शंभरेक शब्दांचा. मराठीत लिहून काढा. शब्द अडला तर आईला विचारा, नाहीच मिळाला तर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा, जांभेकरांनाही पुष्कळ शब्द नव्यानं घडवावे लागले होते. दोन दिवसांनी मूळ न बघता त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहा आणि मूळ परिच्छेदाशेजारी ठेवा. जिथं फरक पडला तिथं तुमचा त्या आठवड्याचा धडा आहे. गाईडमध्ये तो छापलेला नसतो, कारण तो फक्त तुमचा असतो.

आणि महिन्यातून एक पत्र लिहा, उत्तर देणाऱ्या माणसाला. एखाद्या महिन्यात दुसऱ्या देशातल्या मित्राला इंग्रजीत, पुढच्या महिन्यात सांगली-साताऱ्याच्या आजीला मराठीत. उम्म अल हस्सममधला रमजानचा महिना कसा असतो, गल्लीत संध्याकाळी काय बदलतं, हे आजीला माहीत नाही. ती विचारेलच. एकशे चाळीस वर्षांपूर्वी कार्पेंटरबाईंनाही कल्याणबद्दल काही ठाऊक नव्हतं.