रॉकेटचं पाणी

मेथॅनॉल हा शब्द आपल्याकडे वर्तमानपत्रात येतो तो बहुतेक वाईट बातमीतच. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तेव्हा तो घरोघरी बोलला गेला. आज त्याच मेथॅनॉलची एक वेगळी गोष्ट. गाड्यांचा नाद असलेल्यांना आवडेल, बाकीच्यांनी (म्हणजे मावशीने) निदान माठापर्यंत तरी वाचावी :)

गोष्ट अमेरिकेतली, १९६२ सालची. जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल विभागाने जेटफायर नावाची गाडी काढली. साडेतीन लिटरचं, म्हणजे २१५ घन इंचांचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन, त्यावर गॅरेटचा टर्बोचार्जर आणि ताकद २१५ हॉर्सपॉवर. घन इंचाला एक घोडा! टर्बो असलेल्या प्रवासी गाड्या त्याआधी लोकांनी रस्त्यावर पाहिल्याच नव्हत्या. त्याच वर्षी शेव्हरोलेची टर्बोवाली कॉर्व्हेरही आली, म्हणजे चुरस घरातल्या घरातच.

पण इंजिनिअरांनी एक धाडस केलं. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, दाबलेली हवा तापते, आणि फार तापली की पेट्रोल वेळेआधीच पेटून इंजिन ठोकायला लागतं. आपले मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात ते. ते टाळायला टर्बोच्या इंजिनात कॉम्प्रेशन कमी ठेवायची रीत आहे. यांनी ते १०.२५ इतकं चढं ठेवलं. मग नॉकिंगचं काय? त्याला उत्तर माठाचं. माठातलं पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं. पाण्याची ही ओढ पेट्रोलच्या सहा-सात पट आहे. तेव्हा इंजिनात जाणाऱ्या हवेवर पाण्याचा बारीक फवारा मारला की काम झालं. मिशिगनच्या थंडीत नुसतं पाणी गोठेल, म्हणून अर्धं मेथॅनॉल. तेही गारवा देतं आणि वर जळतंही.

कल्पना काही नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन मेसरश्मिट विमानं हेच मिश्रण एमडब्ल्यू-५० या नावाने वापरत. वैमानिकाला एका दमात साधारण दहा मिनिटं ती जास्तीची ताकद वापरायची मुभा होती. पण लढाऊ विमानामागे जमिनीवर टाक्या भरणारी पलटण असते. ओल्ड्समोबिलने तीच युक्ती दवाखान्यात, शाळेत, किराणा आणायला जाणाऱ्या माणसाच्या हातात दिली. मिश्रणात गंज न चढण्याचं औषध घातलं, बाटलीत भरलं आणि नाव ठेवलं टर्बो-रॉकेट फ्लुइड. पाच क्वार्टची टाकी. संपत आलं की डॅशजवळ दिवा लागायचा.

आणि लोक ते भरायचेच नाहीत.

टाकी रिकामी झाली की एक झडप आपोआप हवेची वाट आवळायची, इंजिन वाचावं म्हणून. म्हणजे रॉकेटची बैलगाडी. मालक डीलरकडे तक्रार घेऊन जायचा की गाडी ओढत नाही. इतिहास लिहिणारे बहुतेक इथेच थांबतात आणि मालकांना आळशी ठरवतात. मला ते पटत नाही. कारण त्या मालकाच्या जागी उभं राहून बघा: पाणी वापरलं गेलं की गळून गेलं, हे त्याने ओळखायचं कसं? इंजिन ऑइल गळलं तर पार्किंगमध्ये काळा डाग पडतो. हे मिश्रण जोडावरून ठिबकलं की तापलेल्या इंजिनावर सुकून जातं, फारतर पांढुरकी खूण राहते. मेथॅनॉल काही जातींचं रबर फुगवतं, ॲल्युमिनियमला खातं, म्हणजे पाइप, वॉशर, पडदे सगळेच संशयित. त्यातून इंजिन मंद चालताना आतून जोराची ओढ असते. झडप नीट बसली नाही तर टाकीतलं पाणी गुपचूप इंजिनात ओढलं जातं. बाहेर एक थेंब दिसत नाही आणि गाडी मात्र उभ्या उभ्या थरथरते.

तिसरी वाट सगळ्यात लबाड. मेथॅनॉल ६५ अंशांच्या आतच उकळतं. टोपण सैल असेल तर आधी तेच उडतं. पातळी थोडीच उतरते, पण मागे राहतं ते जास्तीचं पाणी. वरून अर्धं-अर्धं मिश्रण घालून प्रमाण काही जागेवर येत नाही. हे कळायचं तर घनता मोजायला हवी, कारण मेथॅनॉल पाण्याहून हलकं, ०.७९.

आजही या गाड्या जपणारे हौशी लोक शोध असाच घेतात. टाकीवर खूण करून गाडी एक रात्र उभी ठेवायची. उतरली तर गळती किंवा टोपण. नाही उतरली तर टर्बोवर भार न टाकता हळू चालवायची. तेव्हा फवारा बंदच असायला हवा, म्हणून आता उतरली तर झडप चोर. एकेक संशयित वेगळा काढायचा. (हे हातमोजे घालून आणि उघड्या हवेत बरं का. मेथॅनॉल कातडीतूनही अंगात जातं आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही.)

१९६२ च्या मालकाला एवढी फुरसत कुठली! दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास जेटफायर विकल्या गेल्या आणि गाडी बंद झाली. १९६५ मध्ये कंपनीने टर्बो आणि टाकी काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायची सोय केली. बऱ्याच जणांनी ती घेतली, म्हणूनच आज मूळ टाकीसकट जेटफायर मिळणं अवघड. त्याच ओल्ड्समोबिल इंजिनाच्या ब्लॉकवर ऑस्ट्रेलियाच्या रेप्कोने शर्यतीचं इंजिन बांधलं आणि १९६६ मध्ये जॅक ब्रॅबम त्यावर जगज्जेता झाला, टर्बोशिवाय. ओल्ड्समोबिल हे नावच २००४ मध्ये मिटलं.

पाण्याचा फवारा मात्र परत आला. २०१५ मध्ये बीएमडब्ल्यूने एम-४ जीटीएस दाखवली, डिकीत पाण्याची टाकी असलेली. नुसतं शुद्ध पाणी, मेथॅनॉल नाही. इंजिन बंद केलं की नळ्यांमधलं पाणी आपोआप टाकीत परत जातं, म्हणजे गोठायला नळीत काही उरतच नाही. टाकी पाच लिटरची, जेटफायरपेक्षा पाव लिटर जास्त. भरायची मात्र अजून मालकानेच.